फ्रिजच्या बाजूलाच ओव्हन आहे, फ्रिज तापतोय. मधे काय लावू?

बेकिंगवाली डोंबिवली

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. मी घरून केक-कुकीजच्या ऑर्डरी घेते, डोंबिवलीत वन बीएचके, स्वयंपाकघर चिंचोळं, एका भिंतीला ओटा आणि ओटा संपतो तिथे फ्रिज. फ्रिज डबल डोअर आहे, २६० लिटरचा, तीन वर्षं झाली घेऊन. आधी लहान ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, ओट्यावर ठेवायचा ओव्हन) होता तोवर काही वाटलं नाही पण ऑर्डरी वाढल्या म्हणून दिवाळीत ६० लिटरचा घेतला आणि तो ठेवायला ओट्याचं शेवटचं टोकच उरलं, म्हणजे फ्रिजला खेटून, मधे फार तर चार बोटं जागा.

शनिवार-रविवार ओव्हन सलग चार-चार तास चालतो, १८० डिग्रीवर. मागच्या रविवारी सहज फ्रिजच्या त्या बाजूला हात लावला तर चटकन मागे घेतला इतका पत्रा तापलेला. कॉम्प्रेसर त्या दिवशी जवळजवळ सारखा चालूच होता. संध्याकाळी क्रीम काढली तर कितीही फेटली तरी उभी राहिना, पातळच. एक लिटर क्रीम वाया गेली आणि गिऱ्हाईकाला फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ मागावी लागली, वाढदिवसाचा केक होता हो, त्या लहान मुलीच्या आईला काय वाटलं असेल.

आता घरात प्रत्येकाचं वेगळं. मिस्टर म्हणतात मधे प्लायवूड उभं कर. सासूबाई म्हणतात ओलं गोणपाट टाक. मी व्हिडिओ बघितला त्यात फ्रिजच्या बाजूला थर्माकोल आणि त्यावर अॅल्युमिनियम फॉइल चिकटवलेली होती, ते सोपं वाटतंय, शनिवारी करायचं ठरवलंय. बरोबर आहे ना? फ्रिज दुसरीकडे हलवायला जागा नाहीये, हॉलमधे ठेवला तर दिवाण काढावा लागेल.

निळी खिडकी

ताई, थर्माकोलला हात लावू नका प्लीज. तो उष्णतेने मऊ पडतो, आक्रसतो आणि पेट घेतो. तापलेल्या ओव्हनपासून चार बोटांवर थर्माकोल म्हणजे नकोच. बाकीचं सविस्तर संध्याकाळी लिहिते, आत्ता शाळेत आहे.

पोह्यांवर शेव

आमच्याकडेही फ्रिजशेजारी ओव्हन आहे, काही होत नाही. फ्रिजचा नॉब फुल कूलिंगवर करून ठेवा, झालं काम.

गॅस चार्जिंगवाला

ताई, मी ठाण्यात बावीस वर्षं फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करतोय. शनिवारी काहीही चिकटवायच्या आधी हे वाचा.

जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असायची आठवतेय का, आपल्या आया त्यावर फडकी वाळत घालायच्या. ती जाळी म्हणजे कंडेन्सर, फ्रिजच्या आतली गरमी बाहेर टाकायची जागा. आता बहुतेक फ्रॉस्ट फ्री (आत बर्फ न साचणाऱ्या) फ्रिजला ती जाळी मागे दिसत नाही कारण तीच नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते. म्हणजे तुमच्या फ्रिजची बाजू ही नुसती भिंत नाही, तिथूनच फ्रिज श्वास टाकतो. उद्या सकाळी उठल्याउठल्या, ओव्हन रात्रभर बंद असताना, कॉम्प्रेसर चालू असेल तेव्हा दोन्ही बाजूंना तळहात टेकवून बघा. कोमट लागलं तर नळी आतच आहे.

आता त्याच पत्र्यावर थर्माकोल किंवा फॉइल किंवा ब्लँकेट काहीही चिकटवलं तर ओव्हनची गरमी थोडी अडेल पण फ्रिजची स्वतःची गरमी आतच कोंडेल, आणि ती चोवीस तास कोंडेल, ओव्हन तर आठवड्यातून दोनच दिवस चालतो. माझ्याकडे असा एक फ्रिज आला होता, चारी बाजूंनी चकचकीत इन्सुलेशन शीट लावलेली, कोणीतरी सांगितलं म्हणून. कॉम्प्रेसरवर हात ठेवता येत नव्हता. शीट ओरबाडून काढली, दुसऱ्या दिवशी फ्रिज आपोआप सुधारला, एक पार्ट बदलावा लागला नाही.

म्हणून फ्रिजला काही लावायचं नाही. जे काही लावायचं ते मधे, स्वतंत्र उभं, फ्रिजला न टेकता. आणि फ्रिजच्या बाजूला स्क्रू तर बिलकुल मारायचा नाही. एका घरी सुताराने ओव्हनचा कप्पा पक्का करायला फ्रिजच्या पत्र्यातच स्क्रू पिळला, फुस्स करून गॅस गेला. ती नळी फोमच्या आत असते, तिथे जोड देता येत नाही, नवा फ्रिज घ्यावा लागला. शिवाय आता बऱ्याच फ्रिजमधे आर-६००ए गॅस असतो, तो आयसोब्यूटेन, प्रमाण थोडंसंच पण पेट घेणारा, आणि शेजारी तुमच्या ओव्हनचा तापलेला रॉड.

पोह्यांवर शेव यांना, नॉब फुल केल्याने कॉम्प्रेसरला जास्त वेळ पळायला सांगतोय आपण, तो आधीच पळून पळून दमलाय. बाहेरून गरमी येतेय ती तशीच येत राहणार.

ताई, अजून एक विचारायचं होतं, चालता चालता फ्रिजमधून टक् असा आवाज येऊन तो गप्प होतो का आणि पाच-दहा मिनिटांनी परत सुरू होतो का?

बेकिंगवाली डोंबिवली

दादा खूप खूप धन्यवाद, मी खरंच शनिवारी चिकटवणार होते, थर्माकोल आणून पलंगाखाली ठेवलाय. हो, टक् आवाज गेल्या रविवारी दोनदा आला होता, मला वाटलं लाईट गेली म्हणून.

गॅस चार्जिंगवाला

तो ओव्हरलोड, म्हणजे कॉम्प्रेसरला वाचवणारा स्विच. कॉम्प्रेसर फार तापला, करंट जास्त खेचायला लागला की तो स्वतःला वाचवायला बंद होतो. एकदोनदा झालं तर घाबरू नका पण दर रविवारी होऊ देऊ नका, कॉम्प्रेसरचं आयुष्य त्यातच जातं.

एक अजून बघा, ओव्हन आणि फ्रिज एकाच बोर्डावर किंवा एकाच एक्स्टेंशनवर आहेत का? तुमचा ओटीजी २००० वॅटच्या आसपास असेल, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा स्वतःचा पॉइंट हवा, जाड पिनांचा. छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर मल्टिप्लग लावून दोन्ही चालवले की सॉकेट वितळतो. प्लगला हात लावून गरम लागला तर आजच बंद करा.

निळी खिडकी

घरी आले, आता लिहिते. मी फिजिक्स शिकवते म्हणून थोडं त्या अंगाने, कारण कशाने काय होतं हे कळलं की मधे काय लावायचं ते आपलं आपल्यालाच सुचतं.

फ्रिजच्या आत ४ डिग्री धरा, स्वयंपाकघरात ३२. फरक २८ चा. भिंतीतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते. ओव्हनमुळे त्या बाजूचा पत्रा ६० डिग्रीला गेला तर फरक झाला ५६, म्हणजे त्या एका भिंतीतून आत येणारी उष्णता दुप्पट. हे झालं एक. दुसरं दादांनी सांगितलंच, की त्याच पत्र्यातून फ्रिजने बाहेर उष्णता टाकायची असते आणि तो पत्राच ६० ला असेल तर टाकणार कुठे. म्हणजे आवक दुप्पट आणि जायची वाट बंद, एकाच वेळी. म्हणून क्रीम पातळ.

आता ही उष्णता ओव्हनपासून फ्रिजपर्यंत येते कशी? मधल्या हवेतून थोडी येते, पण मोठा वाटा प्रारणाचा, उन्हाचा चटका लागतो तसा. चुलीसमोर बसलात आणि गालाला धग लागत असेल तर मधे नुसतं स्टीलचं ताट धरून बघा, धग क्षणात थांबते. ताट पातळ, एक मिलिमीटरही नाही, तरी थांबते. पण तेच ताट पाच मिनिटं धरून ठेवलं की ताटच तापतं आणि मग ताटाची धग लागायला लागते. म्हणजे नुसता आडोसा पुरत नाही, त्या आडोशाला स्वतःला थंड व्हायला दोन्ही बाजूंनी हवा फिरायला हवी. खालून गार हवा शिरेल, तापून वर निघून जाईल, चिमणीसारखं. त्यासाठी आडोसा खाली दोन इंच आणि वर पूर्ण मोकळा ठेवायचा.

फॉइलचं पण सांगते. चकचकीत अॅल्युमिनियम त्याच्यावर पडलेली बहुतेक धग परत फिरवतं हे खरंय, पण समोर हवेची फट असेल तरच. दोन वस्तूंच्या मधे दाबून बसवली तर ती नुसती धातूची पट्टी, उष्णता या अंगाची त्या अंगाला देणारी. आणि ती चकचकीत राहिली पाहिजे, तेलाचा थर चढला की तिचा उपयोग कमी होतो, म्हणून पुसत राहायचं.

ओल्या गोणपाटाचं, सासूबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पाणी उडताना गारवा येतोच, माठाला तेच करतो आपण. पण इथे शेजारी विजेच्या दोन वस्तू, पत्र्याला गंज आणि ओल, म्हणून नको.

सुतारपक्षी नाशिक

माझं मॉड्युलर किचनचं काम आहे. प्लायवूडचं मिस्टरांना सांगा की नको. रोज तापून तापून प्लाय काळं पडतं, सनमायका सुटतो, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) असेल तर अजून लवकर फुगतं. आणि वर्षानुवर्षं तापवलेलं लाकूड आधीपेक्षा कमी उष्णतेला पेट घेतं.

कॅल्शियम सिलिकेट बोर्ड घ्या, ८ किंवा १० एमएम, पार्टिशनवाल्यांकडे मिळतो, जळत नाही. नाहीतर सिमेंट फायबर बोर्ड. त्याच्या ओव्हनकडच्या अंगाला पातळ अॅल्युमिनियमचा किंवा स्टीलचा पत्रा, पण चिकटवून नाही, अर्धा-पाऊण इंचाचे स्पेसर देऊन, म्हणजे पत्रा आणि बोर्ड यांच्यात हवा राहते. स्पेसर म्हणून मेटलचे नट किंवा पाइपचे तुकडे चालतात, प्लास्टिकचे नकोत. बोर्ड मागच्या भिंतीला एल अँगलने आणि खाली ओट्याच्या कडेला पकडायचा. उंची ओव्हनपेक्षा सहा इंच जास्त आणि पुढे ओव्हनच्या दाराच्या थोडा बाहेर येईल एवढा, कारण ओटीजीचं दार खाली उघडतं आणि पहिली वाफ पुढे येऊन बाजूला पसरते.

जुन्या पत्र्याचे तुकडे, छपरावर असायचे ते राखाडी नालीदार, कोणी फुकट देतो म्हणाला तरी घेऊ नका. त्यातले बरेच अॅस्बेस्टॉसचे असतात, कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला कायमची लागते. आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांनी ते हातकरवतीने कापलंय, तोंडाला रुमाल पण न बांधता, त्यातल्या दोघांची शेवटची वर्षं मी बघितलीत.

रॉकवूल, ग्लासवूल (दगडाच्या, काचेच्या धाग्यांची लोकर) पण उघडं लावू नका, धागे उडतात आणि तुमचं खाण्याचं काम.

दोन घास अकोला

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, स्वयंपाकघरात दुपारी बसवत नाही, म्हणून हा विषय आमच्या रोजचाच. फ्रिजच्या आत किंवा मागे एक स्टिकर असतो त्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो, तो बघा. एन असेल तर ३२ पर्यंतच्या खोलीसाठी, एसटी म्हणजे ३८ पर्यंत, टी म्हणजे ४३ पर्यंत. आपल्याकडे टी वाला पाहिजे. पण हे खोलीचं तापमान झालं. ओव्हनजवळच्या चार बोटांच्या फटीत किती असतं ते त्या स्टिकरला काय माहीत. माझी बहीण नानकटाई आणि खारी करून विकते, तिने उन्हाळ्यात भट्टीची वेळच बदलली, पहाटे साडेचारला ओव्हन लावते आणि नऊला आटपते. फ्रिजमधे रात्रीच पाण्याच्या चार-पाच बाटल्या गार करून ठेवते म्हणजे सकाळी ओव्हन चालू असताना दार उघडलं तरी आतला गारवा टिकून राहतो. आणि गरम ट्रे फ्रिजमधे जात नाही म्हणजे नाही, जाळीवर पूर्ण गार झाल्यावरच. तुम्ही पण पहाटे करून बघा ताई, तब्येतीलाही बरं पडतं, दुपारच्या त्या धगीत चार तास उभं राहणं काही सोपं नाही.

स्टुटगार्टकर

इथे जर्मनीत फ्रिजच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं, म्हणून सांगतो. माझ्याकडच्या पुस्तिकेत इलेक्ट्रिक किंवा गॅस कुकरपासून ३ सेंटिमीटर आणि तेलावर किंवा कोळशावर चालणाऱ्या शेगडीपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, जमत नसेल तर मधे इन्सुलेशनची प्लेट घाला असं आहे. आमचा ओव्हन आणि फ्रिज गेली सहा वर्षं शेजारी शेजारी आहेत, मधे फक्त कपाटाची एक फळी, त्रास नाही. मग ताईंची चार बोटं म्हणजे ७ सेंटिमीटर तर होतातच, तरी एवढा त्रास का?

गॅस चार्जिंगवाला

चांगला प्रश्न विचारलात. तुमचा ओव्हन बिल्ट इन, म्हणजे कपाटात बसवलेला आहे. त्याच्या चारी भिंतीत जाड ग्लासवूल असतं, दाराला दोन-तीन काचा, आणि एक पंखा असतो जो बाहेरच्या कवचाभोवतीची गरम हवा पुढच्या फटीतून बाहेर फेकतो, ओव्हन बंद केल्यावरही तो काही वेळ चालत राहतो, तुम्ही ऐकला असेल. ताईंचा ओटीजी म्हणजे आत एक पत्रा बाहेर एक पत्रा, मधे बहुतेक नुसती हवा, पंखा असला तर तो आतली हवा फिरवायला. त्याचं बाहेरचं अंग बिल्ट इनपेक्षा कितीतरी जास्त तापतं. म्हणून ते ३ सेंटिमीटर ओटीजीला लावू नका. ओटीजीच्या पुस्तिकेत साधारण चारी बाजूंना १० सेंटिमीटर मोकळे सोडायला सांगितलेलं असतं, आणि फ्रिजच्या पुस्तिकेत फ्रिजचं वेगळं. दोन्ही अंतरं मिळून धरायची, एकाच फटीत दोन्ही भागवायची नाहीत.

पोह्यांवर शेव

म्हणजे दादा माझं काय? आम्ही महिन्यातून एकदोनदा केक करतो, पाऊण तास. मला पण बोर्ड लागेल का?

गॅस चार्जिंगवाला

नाही लागणार. महिन्यातून दोनदा पाऊण तास म्हणजे काहीच नाही, उगाच खर्च करू नका. ओव्हन लावायच्या वेळी तेवढा वीतभर पुढे किंवा बाजूला ओढून घ्या, आणि गार झाल्यावर परत सरकवा. नॉब मात्र मधल्या नंबरवर आणा. ताईंचं वेगळं आहे, त्यांचं आठवड्याला आठ तास चालतं आणि फ्रिजमधे विकायचा माल आहे.

बार्देशची आबोली

माझा अनुभव ओव्हनचा नाही पण भट्टीचा आहे. आम्ही गोव्यात म्हापशाजवळ राहतो, आमच्या भाड्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे पोदेराची, म्हणजे पाववाल्याची भट्टी, लाकडावरची. पहाटे तिथले उंडे आणि पोयी, हे आमच्याकडचे पाव, गावभर जातात. आमचा फ्रिज नेमका त्या भिंतीला पाठ लावून होता. भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची), चांगली दीड वीत जाड, म्हणून आम्हाला कधी संशयच आला नाही. फ्रिज सारखा बिघडायचा, दुधावर सकाळी आंबूस वास. एकदा रात्री बाराला पाणी प्यायला उठले आणि भिंतीला टेकले तर भिंत कोमट, भट्टी दुपारीच विझलेली. चिरा उष्णता पिऊन घेतो आणि मग तासन्‌तास सोडत राहतो. म्हणजे आमच्या फ्रिजला दिवसाला आराम असा नव्हताच.

आम्ही आधी फ्रिज एक फूट पुढे ओढला आणि मधे लोखंडी पट्ट्यांवर सिमेंटची शीट उभी केली, खाली-वर मोकळी ठेवून, निळी खिडकी यांनी सांगितलं तशीच. बराच फरक पडला. नंतर पावसाळ्यानंतर समोरच्या भिंतीला पॉइंट काढून फ्रिज तिकडेच नेला आणि मग प्रश्नच मिटला. सांगायचं हे की ताई, ओव्हन बंद केल्यावरही अर्धा-पाऊण तास तो तापलेलाच असतो, तेव्हाही फ्रिजकडे लक्ष असू द्या, आणि जागा बदलण्याचा विचार पूर्ण सोडू नका. एखादं वेळी जिथे जागा नाही वाटते तिथेच निघते.

सुतारपक्षी नाशिक

आबोलीताईंचं बरोबर आहे. डोंबिवलीच्या ताई, तुमच्या ओट्याचा फोटो नाही पण एक विचारतो, ओव्हनच्या दुसऱ्या बाजूला काय आहे? बऱ्याच घरी तिथे भांड्यांचं स्टँड किंवा डबे असतात, ते भिंतीवर चढवले की ओव्हन एक वीत तिकडे सरकतो. आणि ड्राय बाल्कनी आहे का? तिथे वॉशिंग मशिनला १६ अँपिअरचा पॉइंट असतोच.

बेकिंगवाली डोंबिवली

ड्राय बाल्कनी आहे पण तिथे पाऊस आत येतो, खिडकीला नुसती ग्रिल आहे, त्यामुळे ओव्हन तिथे नको वाटतं. पण भांड्यांचं स्टँड खरंच आहे! ओव्हनच्या डावीकडे, दोन मजली, स्टीलचं. ते भिंतीवर लावता येईल असं मिस्टर म्हणतायत, हातात टेप घेऊन उभे आहेत. सकाळी हात लावून पण बघितलं, फ्रिजच्या दोन्ही बाजू कोमट लागल्या दादा, तुम्ही म्हणालात तसंच. आणि प्लग गरम नव्हता पण फ्रिज आणि मिक्सर आणि ओव्हन एकाच बोर्डावरून घेतलेत, इलेक्ट्रिशियनला बोलावलंय.

अजून एक, लेझरवालं थर्मामीटर भावाकडे आहे, ते आणलं तर नीट कळेल का?

निळी खिडकी

कळेल, पण एक काळजी घ्या. चकचकीत स्टीलवर ते चुकीचं दाखवतं, कारण ते येणाऱ्या प्रारणावरून मोजतं आणि चकचकीत पत्रा स्वतःचं कमी सोडतो, आजूबाजूचं परत फिरवतो. जिथे मोजायचं तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरा. दर वेळी त्याच जागी, ओव्हन चालू करून तेवढाच वेळ झाल्यावर मोजा, नाहीतर तुलना होणार नाही.

आणि आतलं बघायला साधं थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. नुसत्या हवेत ठेवलं तर दार उघडलं की आकडा पळतो, पाण्यातलं खरं सांगतं.

गॅस चार्जिंगवाला

आणि ताई, गास्केट पण बघून घ्या, दाराचं रबर. ओव्हनकडच्या बाजूचं रबर तापून कडक होतं, मग तिथून हवा शिरते. दहाची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा, सगळीकडे सारखी घट्ट आली पाहिजे. एका जागी सहज निघाली तर तिथलं रबर गेलंय. थोडं कडक झालं असेल तर कोमट साबणाच्या पाण्याने पुसून घ्या, कधी कधी नुसत्या चिकट तेलामुळे बसत नाही. फ्रिजच्या डोक्यावर काय काय ठेवलंय तेही लिहा.

बेकिंगवाली डोंबिवली

तीन आठवड्यांनी येतेय, उशीर झाला, मधे लग्नाची ऑर्डर होती.

भांड्यांचं स्टँड भिंतीवर चढवलं, त्यामुळे ओव्हन बावीस सेंटिमीटर डावीकडे गेला. कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड कल्याणला मिळाला, १० एमएमचा, कापूनच आणला. मिस्टरांनी त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा लावला, मधे पितळी नट घालून, सुतारदादा तुम्ही म्हणालात तसाच, खाली दोन इंच मोकळं. फ्रिज आणि बोर्डात तीन इंच आहेत, ओव्हन आणि बोर्डात पाच. ओव्हनला इलेक्ट्रिशियनने वेगळी वायर ओढून वेगळा पॉइंट दिला. एका जागी गास्केट सैल निघालं होतं, खालच्या कोपऱ्यात, कोमट पाण्याने पुसल्यावर नोट घट्ट बसायला लागली.

आकडे सांगते. आधी, ओव्हन १८० वर दोन तास चालल्यावर फ्रिजच्या बाजूला टेपवर ५८ होते. काल त्याच जागी, तितक्याच वेळाने ३९. दुसऱ्या बाजूला, जिथे ओव्हनचा काही संबंध नाही, तिथे ३७. म्हणजे आता दोन डिग्रीचाच फरक. ग्लासातलं पाणी आधी सकाळी ९ दाखवत होतं, आता ५. टक् आवाज एकदाही नाही.

दादा, तुम्ही फ्रिजच्या डोक्याचं विचारलंत, तिथे केकचे खोके होते, अगदी छताला लागतील एवढे, आणि मागे खाली कॉम्प्रेसरच्या कप्प्याच्या जाळीवर मैद्याची आणि धुळीची गादी बसली होती. खोके माळ्यावर टाकले. जाळी प्लग काढून ब्रशने साफ केली, हाताला राखाडी गोळेच आले. थर्माकोल शेजारच्या मुलाला दिला, त्याला शाळेत किल्ला करायचा होता.

गॅस चार्जिंगवाला

५८ चे ३९ म्हणजे फार चांगलं केलंत, मिस्टरांना सांगा. जाळी दर तीन महिन्यांनी साफ करा, तुमच्याकडे मैदा उडतो त्यामुळे लवकर भरणार. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर तेल बसलं की पुसून घ्या, आणि मे महिन्यात एकदा परत त्याच टेपवर मोजून इथे लिहा.

बेकिंगवाली डोंबिवली

नक्की लिहिते. टेप तशीच ठेवलीये, त्यावर पेनाने तारीख पण टाकलीये. रविवारी त्या मुलीच्या आईने परत ऑर्डर दिली आहे, या वेळी तिच्या भावाचा वाढदिवस. क्रीम आत्ताच तपासली, मस्त गार आहे.